डोंगराची पाळी

काळा किडा उताणा पडला होता — पाटाच्या कोरड्या तळाशी, गाळाच्या दोन भेगांमधल्या पापुद्र्यावर, सगळे पाय पोटाशी आवळून. मेलेला, की हिवाळाभर झोपून अजून जागा न झालेला, हे शकरमोला कळेना. तिची सावली त्याच्यावर पडली तेव्हा एक पाय हलला असं वाटलं... वाराही असेल. तिनं वाकून त्याला फावड्याच्या पात्यावर घेतलं, काठावरच्या गवतात सोडलं आणि पुटपुटली, "सरक बाबा. पाहुणा येतोय."

पाहुणा मागून येत होता. वळून पाहायची गरज नव्हती. कोरड्या पाटातून वर्षाचं पहिलं पाणी येतं तेव्हा त्याचा आवाज पाण्यासारखा नसतोच मुळी — सुकलेली पानं सरकल्याचा, ढेकळं विरघळल्याचा, मध्येच एखादी भेग भरताना गुळणी केल्याचा आवाज तो. पाण्याच्या तोंडाशी मळकट फेस असतो, फेसात गेल्या वर्षीचा पाचोळा, काड्या, शेळ्यांच्या लेंड्या; आणि ते तोंड प्रत्येक भेगेशी थांबतं, आत उतरतं, ती भरल्याशिवाय पुढं येत नाही — लहान मूल प्रत्येक पायरीवर बूड टेकत जिना उतरतं तसं. वर हिमनदीच्या ओढ्यावरचा बांध मोकळा केला की तिथपासून गावापर्यंत मीराबानं, म्हणजे पाटकऱ्यानं, या तोंडाच्या पुढं चालायचं, पाटाच्या तळातूनच, वाटेत जे जिवंत सापडेल ते उचलून काठावर ठेवत. आणि पाय भिजू द्यायचे नाहीत. एवढीच रीत. "मागं वळून बघू नकोस," सासरे सांगायचे, "पाणी लाजतं."

सासरे, ओदिनामामद, थंडीत गेले. आयुष्यभर तेच या गावचे मीराब. त्यांच्यामागं कोण, म्हणून जमात, म्हणजे गावसभा, बसली तेव्हा गावात पुरुष दोनच प्रकारचे उरले होते — मॉस्कोत असलेले आणि गुडघे गेलेले. मग कुणीतरी म्हणालं, म्हाताऱ्याबरोबर पाटावर फिरली कोण? सून. झालं. नवऱ्यानं फोनवर ऐकलं आणि पार तिकडे बांधकामाच्या पराती वाजाव्यात तसा हसत सुटला. "तू? मीराब? मग आता मी पाणी प्यायला तुझी परवानगी मागायची का?" ती पण हसली होती. पण त्या दिवसापासून पोटात एक गोळा होता, तो काही विरघळला नव्हता. लोक ऐकतील का, हा तो गोळा. बाईनं पाणी अडवलं तर अडेल, पण बाईनं माणूस अडवला तर?

आज तरी सगळं नीट चाललं होतं. पाणी मागून येत होतं, ती पुढं. डावीकडं डोंगराचा उभा कडा, उजवीकडं खोल खाली पंज नदी, तिच्या पलीकडं अफगाणांची शेतं — तिथंही कुणीतरी पाटावर फावडं घेऊन उभं होतं, एवढंसं, मुंगीएवढं. तिला वाटलं हात करावा. मग वाटलं, नको, त्याचंही पाणी लाजेल.

वळणानंतर सिमेंट लागलं.

इथं दगडांचा उतार आहे. वरचा कडा पिढ्यान् पिढ्या ढासळत आलाय, त्याचे तुकडे नदीच्या अंगानं पसरलेत, आणि या तुकड्यांच्या अंगावरून पाट ओढून नेलाय. जुन्या लोकांनी दगडांत चिखल आणि झुडपं ठासून तो बांधला, तो गळायचा. गळायचा कसला — पाणी इथं यायचं आणि नाहीसं व्हायचं. पहिल्या पाण्याच्या दिवशी तर अर्धा दिवस ते या उतारात शिरत राहायचं आणि पुढं थेंब सरकायचा नाही. याला गावात डोंगराची पाळी म्हणत. प्रत्येक घराची पाण्याची पाळी ठरलेली, तशी पहिली पाळी डोंगराची. त्याचं पोट भरल्याशिवाय माणसांनी मागायचं नाही. मग सगळे इथं येऊन बसायचे. कुणी भाकरी आणायचं, कुणी तुतीचं पीठ, किटलीतून मीठ घातलेला दुधाचा चहा. म्हातारे एकमेकांच्या थापा ऐकायचे. पोरी पाय सोडून बसायच्या. वरच्या सुळक्याची सावली पांढऱ्या धोंड्याला शिवली की डोंगराची पाळी संपत आली असं समजायचं, आणि बहुतेक त्याच सुमाराला —

काय व्हायचं त्या सुमाराला? तिच्या मनात काहीतरी वर येऊ पाहत होतं, पण तोवर ती सिमेंटवर चढली होती.

गुळगुळीत, गार, राखाडी. भेग नाही, किडा नाही, उचलायला काहीच नाही. गेल्या शरदात हे काम झालं. पाटदुरुस्तीच्या प्रकल्पातर्फे एक इंजिनियर आला होता, किडकिडीत, फार अदबीचा. गळणाऱ्या पाटाशी उकिडवा बसून बराच वेळ बघत राहिला. गावाला मिळतं त्याहून जास्त पाणी इथं मुरून वाया जातं, असं म्हणाला. मग उभा राहून उताराकडं बोट करून त्यानं विचारलं होतं, "याच्या खाली काय आहे?" आणि सगळं गाव एका तोंडानं म्हणालं होतं, "दगड!" त्यात शकरमोची चुलत जाऊ नियोजमोही होती. तिनं तर गवंड्यांना वाळू वाहून दिली, स्वतःच्या झाडांचे जर्दाळू खायला घातले.

आवाज बदलला. मागचा. पाचोळ्याची सळसळ थांबली आणि सापानं जमीन कापत यावं तसा एक सपाट सूंऽऽ... ती वळायच्या आत टाचांना गार झोंबलं. शकरमोनं उडी मारून काठ गाठला. पाणी तिच्यापुढं निघून गेलं. फेस नाही, पाचोळा नाही, थांबणं नाही, आभाळ अंगावर घेऊन ते लकाकत सरळ पुढं धावलं, आणि तिच्या तोंडून आपोआप "अगं बाई!" निघालं. किती सुंदर दिसत होतं! एवढं पाणी या पाटात असतं हे तिला ठाऊकच नव्हतं. गावाच्या छपरांवर माणसं उभी होती. त्यांना ते लांबून दिसलं असावं, कारण तिकडून आरोळी उठली, टोप्या हवेत गेल्या, कुणीतरी डफ बडवायला घेतला. जी वाट अर्ध्या दिवसाची, ती पाण्यानं चहा निवायच्या आत संपवली होती. तिला भरून आलं. माझ्या पहिल्याच वर्षी, तिला वाटलं, माझ्या पहिल्याच वर्षी!

आणि तरी कान काहीतरी शोधत होते. इथं उभं राहिल्यावर काहीतरी ऐकू यायला हवं... ते नेहमी खालून यायचं...

तिनं खाली पाहिलं.

उताराच्या पायथ्याशी, दगड संपतात आणि नदीचा कडा सुरू होतो त्या चिंचोळ्या जागेत नियोजमोची बाग आहे. जर्दाळूची झाडं पांढरी झाली होती, एकाही फांदीचं लाकूड दिसत नव्हतं. झाडांखालच्या खळग्याशी तिनं चूल मांडली होती, धूर सरळ वर येत होता. लाल रुमाल बांधून, शेजारी किटली ठेवून ती खळग्याकडं तोंड करून बसली होती. वाट पाहत.

शकरमोला आठवलं त्या सुमाराला काय व्हायचं ते. त्या सुमाराला खालून हाक यायची — "आऽऽलंऽऽ!" डोंगराचं पोट भरलं की त्या खळग्यातल्या दगडाखालून पाणी फुटायचं, आणि ते पाहिलं की नियोजमो ओरडायची. ती ओरडली की ओदिनामामद भाकरीचे तुकडे झटकून उठायचे. मग थोड्याच वेळात इथं वर पाणी सरकायला लागायचं. दर वर्षी. तिच्याआधी तिची सासू ओरडायची.

आणि तिला पाण्याची पाळी नव्हती. गावात कुणालाच हे कधी विचित्र वाटलं नाही. पाट खणला गेला तेव्हा तिच्या नवऱ्याचा पणजा घाटापलीकडं गेला होता, खणायला नव्हता, म्हणून त्याच्या घराला पाण्यात वाटा नाही. खालचा कुणाला नको असलेला दगडाचा तुकडा तेवढा त्याच्या पदरात पडला. आणि नेमकी त्याच तुकड्यावर गावातली सगळ्यात गोड झाडं. "नियोजमोचं काय, तिची शेती देव करतो," असं लोक म्हणत. शकरमोही म्हणे, नात्यानं जाऊ ना ती, चुलत का होईना, मग टोमणा मारायचा हक्कच. नियोजमोही ऐकून घेणाऱ्यांतली नव्हती — "देव माझा गडी आहे, तुमच्याकडं रोजानं पाठवू का?"

देव. कुणीही — ना इंजिनियरनं, ना गावानं, ना खुद्द नियोजमोनं — वरचं गळणं आणि खालचं फुटणं यांच्यात कधी रेघ ओढली नव्हती. वरचं ते वाया जाणारं पाणी होतं. खालचा तो झरा होता. आवाज द्यायला माणूस होतं, पण पाळ्यांच्या मोजणीत त्या माणसाचं घर नव्हतं, म्हणून खाली काय आहे असं विचारल्यावर तोंडून आलं ते दगड.

ती काठावर बसली.

तिला आठवला यादवीचा तो हिवाळा. पीठ येणं बंद झालं होतं, घाट बर्फानं आणि बंदुकांनी मिटलेला. माझ्या मांडीवर सवसन, चार महिन्यांची, आणि मला दूध नाही. रोज संध्याकाळी दार लोटून नियोजमो यायची, शालीखालून वाडगा काढायची — भिजवलेल्या जर्दाळूंचं पाणी, दाट, तांबूस. बोटानं पोरीच्या ओठाला लावायची. वर म्हणायची, "आईपेक्षा झाड बरं, निदान आटत नाही!" आणि मी रडायच्या ऐवजी हसायची. त्या हिवाळ्यात गावातल्या कुठल्या घरी तिच्या बागेतला जर्दाळू गेला नव्हता? पोती रिकामी होईपर्यंत तिनं वाटले. मग बिया फोडून त्यातला गर वाटला. काय खाल्लं आम्ही त्या वर्षी? या उतारात मुरलेलं पाणीच ना खाल्लं? इथं बसून, थापा मारत, जे पाणी जाताना आम्ही कंटाळून बघत होतो... ते डोंगराच्या पोटातून फिरून, झाडातून चढून, फळात उतरून, सुकून, पुन्हा भिजून माझ्या सवसनच्या ओठाला लागलं होतं. आज ती येकातेरिनबुर्गला रुग्णालयात परिचारिका आहे, उंच आहे, मोठ्यानं हसते.

शकरमोच्या अंगावर काटा आला. थंडीचा नव्हता तो. एवढी मोठी गोष्ट आयुष्यभर पायाखालून चालली होती, आणि आपण वर बसून भाकरी खात होतो.

खाली नियोजमोनं चुलीत काटकी सरकवली.

मग शकरमो उठली. सिमेंटच्या वरच्या तोंडाशी गाळ काढायला एक लोखंडी दार ठेवलं होतं, उताराच्या अंगानं उघडणारं. तिनं फावड्यानं गावाच्या बाजूला दगडमाती ओढून बांध घातला, दाराचं चाक धरलं. ते नवं होतं, घट्ट होतं, दोन्ही हातांनी, मग छातीनं जोर लावल्यावर फिरलं. पाणी आडवं वळलं आणि दगडांवर कोसळलं.

ते कुठंच गेलं नाही. म्हणजे, तिनं पाहिलं ते असं — एवढं मोठं पाणी दगडांवर पडत होतं आणि दोन हातांच्या अंतरावर दगड कोरडे होते. ना डबकं साठलं, ना ओघळ पुढं गेला. उतार नुसता तोंड उघडून पडला होता, आणि घटाघटा नव्हे, अगदी सावकाश, आवाजही न करता सगळं आत घेत होता. ती बघत राहिली. किती वेळ कोण जाणे.

"पाटकरीणबाई! झोप लागली की काय?"

मामदरहीम. आज गावातली पहिली पाळी त्याची. गुडघ्यांमुळं तिरका तिरका चालत, काठी आपटत, सगळा रस्ता शिव्या घालत आला असणार. तोंड लाल झालं होतं. दार पाहिलं आणि तो थांबला. कोसळतं पाणी पाहिलं.

"वहिनी," तो एकदम हळू आवाजात म्हणाला, "हे काय करताय? माझा गहू अर्धा भिजलाय आणि पाणी गेलं. पोरंटोरं हसायला लागलीत. तुम्ही दगडांना पाजताय?"

"डोंगराची पाळी आहे, भावोजी."

"डोंगराची? अहो, डोंगराच्या तोंडात सिमेंट कोंबलं ना आपण! त्याचसाठी तर सगळा खटाटोप!"

"सिमेंट कोंबलं. पाळी काढून घेतली का? जमातीत तसं ठरलं का कधी? मला तरी आठवत नाही."

मामदरहीमनं काठी आपटली. जमातीत खरंच तसं काही ठरलं नव्हतं. कुणाला ते ठरवायचं असतं हेच सुचलं नव्हतं.

"बाईमाणसाला मीराब केलं की असं होतं," तो म्हणाला.

"होतं खरं. खाली बघा."

त्यानं काठीवर भार देऊन खाली पाहिलं. लाल रुमाल, धूर, पांढरी झाडं. बराच वेळ पाहिलं. त्याच्या लक्षात येत होतं, ते तिला त्याच्या मानेवरून कळत होतं. मान आधी ताठ होती, मग तशी राहिली नाही.

"तिला माहीत आहे?" त्यानं विचारलं.

"नाही. वाट बघतेय. दर वर्षीसारखी."

"अरे देवा." तो खाली बसला, गुडघा चोळायला लागला. "पण वहिनी, पूर्वी सगळ्या उतारातून मुरायचं. तुम्ही ओतताय ते एकाच ठिकाणी. तिथूनच फुटेल कशावरून? जाईल कुठं तरी भलतीकडं. थेट नदीत जाईल."

"जाईल."

"मग?"

"मग तुमचा गहूही गेला आणि तिची झाडंही. दोघं मिळून मला शिव्या घाला. ती चांगल्या घालते, तुम्ही तिच्याकडून शिकून घ्या."

तो हसला नाही. खिशातून भाकरीचा तुकडा काढला, अर्धा मोडून तिच्यापुढं धरला. तिनं घेतला, चावला जात नव्हता. सुळक्याची सावली दगडांवरून पुढं सरकत होती, पांढऱ्या धोंड्यापासून अजून वावभर लांब. गावाकडून हाका येत होत्या — पाणी का थांबलं, मीराब कुठं आहे, कुणाचा तरी चिडलेला, कुणाचा तरी नुसता घाबरलेला आवाज. सकाळी याच आवाजांची भीती होती तिला. आता ते फार लांबून येत असल्यासारखे वाटत होते.

आणि मग खालून आवाज आला.  पण 'आलं' ही हाक नव्हती ती.

"शकरमोऽऽ!" नियोजमो तोंडाशी हात धरून उभी होती. "यंदा डोंगराला तहान फार लागलीय गंऽऽ!"

शकरमोनं तोंडातला घास गिळला.  मामदरहीम तिच्याकडं बघत होता.

"होऽऽ जाऊबाईऽऽ!" ती ओरडली. "अजून पितोयऽऽ!"

"पिऊ दे! चहा उकळतोय, घाई नाहीऽऽ!"

आणि ती परत खळग्याशी जाऊन बसली.

शकरमो पाणी पडत होतं तिथून थोडी खाली उतरली, कोरड्या दगडांवर पालथी झाली आणि दोन धोंड्यांच्या फटीला कान लावला. आधी काहीच नाही, स्वतःचा श्वास. मग तो धरल्यावर — एक पाणी जवळच, डावीकडं वळणारं. त्याच्याखाली दुसरं, जाडसर, टप्प्याटप्प्यानं उतरणारं. त्याच्याही खाली... ते पाणी होतं की तिचं रक्त, कळत नव्हतं; पण काहीतरी चाललं होतं, फार खोल, कुठल्याही मीराबानं न पाहिलेल्या वाटांनी, कुणाच्याही पाळीशिवाय. तिला वाटलं होतं पाट म्हणजे आपण खणलेला तो. एक पाट गावाचा, आणि आत हे एवढे! कुठला बागेकडं जातो, कुठला नदीला, कुठला वर्षानुवर्षं आतच फिरतो — कोण सांगणार होतं? तिच्या डोळ्यांतून पाणी येऊन दगडावर पडलं, तेही लगेच दिसेनासं झालं. तिला भीती वाटत होती, आणि भीतीसकट इतकं मोठं, इतकं मोकळं वाटत होतं की पोटातला तो गोळा कधी गेला ते तिला समजलंच नाही.

"वहिनी," वरून मामदरहीम म्हणाला. त्याच्या आवाजात हट्ट नव्हता. "सावली शिवली धोंड्याला."

तिनं ऐकलं. आता उठायला हवं होतं. दार बंद करायला हवं होतं, गावाचं पाणी गावाला द्यायला हवं होतं; आणि खाली जाऊन त्या किटलीशेजारी बसून नियोजमोला सांगायला हवं होतं की डोंगराला तहान लागलेली नाही, आम्हीच त्याचं तोंड बांधलं. यातलं काहीही टळणार नव्हतं.

दगडाखाली ते सगळ्यात खोलचं पाणी — की जे काय होतं ते — क्षणभर थांबल्यासारखं झालं. तिनं कान आणखी घट्ट लावला.

"अजून थोडं," ती म्हणाली. मामदरहीमला वाटलं त्यालाच म्हणतेय, आणि तो "बरं" म्हणाला. पण ती त्याला म्हणत नव्हती, त्या खोलच्या पाण्याला म्हणत होती, बागेपर्यंत जा म्हणून. मीराब झाल्यापासून ती सगळ्यांना बजावत आली होती, कुणाचं कधी, कुणाचं किती. आता दगडाला ओठ लागले होते आणि ती मागत होती.